आधी अर्थिंग, मग प्रोसेसर: गावातल्या घरासाठी कॉम्प्युटर जोडताना

कॉम्प्युटरचे पार्ट आणायला नागपूरची एसटी धरण्याआधी घरातलं एक काम उरकून घ्या. ज्या सॉकेटवर मशीन चालणार, ते तपासा. गावाकडे मदरबोर्ड (कॉम्प्युटरचे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो) आणि पॉवर सप्लाय जळतात ते बहुतेक वेळा लाईनच्या भानगडीमुळे. आणि जळाल्याचा डाग असलेला पार्ट कुठलंही सर्व्हिस सेंटर वॉरंटीत घेत नाही. म्हणून इथे सुरुवात भिंतीपासून केली आहे, प्रोसेसर नंतर येतो.

सॉकेट आणि अर्थिंग

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि एसी व्होल्टेजच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसायला हवं. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ५ व्होल्टच्या आत; २-३ असेल तर उत्तम. फेज-अर्थचा आकडा ६०-१०० वर लटकत असेल, तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे किंवा ती सॉकेटपर्यंत आलेलीच नाही. जुन्या कवेलूच्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण मागे दोनच तारा असतात. हे सर्रास दिसतं.

मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून थांबू नका. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे कमकुवत अर्थही त्याला २३० दाखवते. खरी परीक्षा १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बची. वायरमनकडून फेज आणि अर्थच्या मध्ये तो क्षणभर लावून घ्या. नेहमीसारखा लख्ख पेटला तर अर्थ पक्की, मिणमिणला तर अर्थ कामाची नाही. घरात ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल. तो पडणं चांगलंच आहे, फक्त मग वायरमनला ईएलसीबीच्या आधीच्या बाजूला तपासायला सांगा. हे काम स्वतः करू नका.

आपल्या काळ्या मातीचा एक गुण ध्यानात ठेवा. ओली असेपर्यंत ती अर्थ छान देते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळली की अर्थिंगच्या रॉडपासून सुटते. पावसाळ्यात पास झालेली अर्थिंग उन्हाळ्यात नापास होते ती यामुळेच. रॉडच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असावं, तोंडाशी पाईपचा तुकडा उघडा ठेवावा आणि होळीनंतर दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी टाकावं.

अर्थ नसताना कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज-न्यूट्रलच्या मधलं, म्हणजे साधारण ११५ व्होल्टचं टोक पत्र्याला जोडतात. अर्थ असेल तर ते जमिनीत निघून जातं, नसेल तर तुमच्यातून किंवा एचडीएमआय केबलमधून मॉनिटरकडे जातं. मॉनिटर चालू असताना केबल काढली-लावली की पोर्ट मरतात, ते अशा घरांत. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरवर कधीच लावू नका.

व्होल्टेजची आठवडाभराची नोंद

एक वही घ्या आणि आठवडाभर दिवसातून चार वेळा व्होल्टेज लिहा: सकाळी ७, दुपारी २, संध्याकाळी ७ आणि रात्री ११. शेतीपंपांची थ्री फेज लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. तुमचं घर त्याच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, असेल तर पंप चालू होताच व्होल्टेज खाली येतं. रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत ही नोंद घेतली तर सगळ्यात वाईट आकडा हाती लागतो.

आकडे १८० ते २५० मध्ये राहत असतील तर एक यूपीएस पुरे. वारंवार १६०-१७० च्या खाली जात असतील तर स्वस्त यूपीएस सारखा बॅटरीवर जातो. बॅटरी भरायला वेळच मिळत नाही आणि वर्षभरात ती बसते. अशा घरात आधी रुंद रेंजचा स्टॅबिलायझर आणि त्याच्यापुढे यूपीएस, हाच क्रम ठेवा.

खरी भीती कमी व्होल्टेजची नाही, जास्तीची आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा काही घरांचे बल्ब मिणमिणतात आणि काहींचे फटाफट उडतात. स्पाइक गार्ड इथे कामाचा नाही. त्यातला एमओव्ही नावाचा छोटा पार्ट क्षणभराचा झटका गिळतो, मिनिटभर चाललेलं जादा व्होल्टेज त्यालाच जाळतं. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. एमसीबीएवढा असतो, २७० च्या वर गेलं की घराची लाईन तोडतो आणि लाईन सुधारली की आपोआप जोडतो. कॉम्प्युटरबरोबर फ्रिज आणि टीव्हीही वाचतात. माझ्या मते गावातल्या कॉम्प्युटरसाठी खर्च केलेला हा सगळ्यात मोलाचा पैसा आहे.

यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा. ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन आणि २२ इंची मॉनिटर मिळून १०० वॅटच्या आसपास घेतात. नवी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर पंधरा-वीस मिनिटं देते. फॉर्म भरून सेव्ह करायला आणि मशीन नीट बंद करायला तेवढा वेळ पुष्कळ. प्रिंटर, विशेषतः लेझर प्रिंटर, यूपीएसवर लावू नका. गरम होताना तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं.

घरी मोठा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळायचा असेल, तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा आणि मागचा स्विच यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, पण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लाईन गेल्यावर सेकंदाच्या साठाव्या भागाइतकाच तग धरतो.

पार्ट निवडताना

अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, टॅली, व्हिडिओ पाहणं आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग एवढ्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. कार्ड आलं की उष्णता वाढते, मोठा पॉवर सप्लाय लागतो आणि यूपीएसही मोठा लागतो. ग्राफिक्स आत असलेला प्रोसेसर घ्या. दोन निवडी भरवशाच्या आहेत. एक एएमडी रायझन ५ ५६००जी: सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट. दुसरा इंटेल कोअर आय३-१२१००: चार कोर, आठ थ्रेड, ६० वॅट. एडिटिंग किंवा हलके गेम असतील तर पहिला, फक्त अभ्यास आणि ऑफिसचं काम असेल तर दुसरा. इंटेलच्या नंबरच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त दिसतो, पण घरी आणून जोडला की मॉनिटर काळाच राहतो.

‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, नवीन सेट’ अशी भुरळ पाडणारी पाटी दिसली की एकच प्रश्न विचारा: कितवी जनरेशन? अशा सेटमध्ये अनेकदा २०११-१२ सालचा दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा जुना आय५ नव्या दिसणाऱ्या बोर्डावर बसवलेला असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. म्हणजे ‘नवा’ सेट पहिल्या दिवसापासून जुना.

मदरबोर्ड ५६००जी साठी बी५५० चिपसेटचा घ्या. डब्यावर रायझन ५००० डेस्कटॉप रेडीचं स्टिकर आहे का बघा. नसेल तर दुकानातच बायोस (मशीन सुरू होताना आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा. बायोस जुना असेल तर बोर्ड प्रोसेसर ओळखतच नाही आणि गावात त्यावर इलाज नसतो. आय३ साठी एच६१० चालतो, पण त्यात डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन प्रकार येतात. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाची रॅम दुसऱ्यात जात नाही. म्हणून बोर्ड आणि रॅम एकाच बिलात, एकाच वेळी घ्या.

रॅम ८ जीबीच्या दोन काड्या. १६ ची एकच घेतली तर आतल्या ग्राफिक्सला मेमरीचा निम्माच रस्ता मिळतो आणि ५६००जी चा जोर वाया जातो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत. बजेट तुटत असेल तर आज ८ ची एक काडी घ्या आणि दुसरी, अगदी त्याच मॉडेलची, नंतर टाका. पण एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमईच (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) हवी. पॉवर सप्लायवर मात्र काटकसर नको: ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), आणि लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं. ज्यावर २००-२४० लिहिलं आहे तो लाईन १७० वर आली की मशीन बंद पाडतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा, हातात हलका लागणारा पॉवर सप्लाय दुकानातच सोडा. पुढे ग्राफिक्स कार्ड टाकायचा विचार असेल तर आजच ५५० वॅटचा घ्या.

कॅबिनेट पुढून जाळीचं, धुळीची गाळणी काढता येणारं आणि १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसतील असं. पुढे काच असलेलं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आपल्या उन्हाळ्याला योग्य नाही.

प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरचं गणित सोपं आहे. तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. खोली ३० अंशांवर असताना प्रोसेसर ७५ ला जात असेल, तर नवतप्यात टिनाखालची खोली ४४ वर गेली की तोच ८९ ला जाणार. ५६००जी ची हद्द ९५ आहे. त्याच्या जवळ गेलं की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि मशीन अडखळतं. म्हणून डब्यातल्या छोट्या कूलरऐवजी १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या, पण कॅबिनेटमध्ये किती उंचीचा मावतो ते आधी बघा. असे कूलर बहुधा १५०-१६० मिलिमीटर उंच असतात. कूलर घ्यायचा नसेल तर एप्रिल ते जून बायोसमध्ये प्रोसेसर ४५ वॅटवर ठेवा. रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

खरेदी आणि प्रवास

नागपूरला सीताबर्डी, नाहीतर अमरावती-अकोल्यातली मोठी दुकानं. पक्कं बिल घ्या, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून मागा आणि प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्या. सुट्या ट्रेमधल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही. काउंटरवरच बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि पॉवर सप्लाय जोडून स्क्रीनवर बायोस दाखवायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने यवतमाळ-गडचिरोलीची परतीची फेरी वाचते. ऑनलाइन मागवलं तर डबा फोडताना सलग व्हिडिओ काढा.

दुकानात पूर्ण जोडून आणू नका. टॉवर कूलर बोर्डावर आडवा लोंबतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तीन-चार तास हादरे बसले की त्याचे स्क्रू ढिले होतात, बोर्ड वाकतो. पार्ट डब्यांतच आणा, मॉनिटर उभा ठेवा आणि एसटीच्या टपावर काही टाकू नका.

जोडणी

सकाळी बसा. संध्याकाळी लाईन गेली तर अर्धवट राहतं. ‘+’ टोकाचा चुंबकीय पेचकस, स्क्रू ठेवायला वाट्या आणि केबल बांधायला झिप टाय एवढं पुरे. तीन तास धरा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत स्टॅटिकचा धोका जास्त असतो. घोंगडी-सतरंजीवर बसू नका, स्वेटर काढून ठेवा. पॉवर सप्लायची केबल अर्थ असलेल्या सॉकेटला लावून स्विच बंद ठेवा आणि मधूनमधून त्याच्या पत्र्याला हात लावत राहा.

आधी सगळं कॅबिनेटच्या बाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर जोडा. ५६००जी च्या पिना प्रोसेसरवर असतात. सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, दांडी वर करा आणि प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसू द्या. दाबायचं अजिबात नाही. इंटेलच्या पिना बोर्डावर असतात, आणि तिथे दांडी खाली घेताना करकर आवाज येऊन चांगला जोर लागतो. ते बरोबर आहे. वरचं काळं प्लास्टिक आपोआप सुटतं. ते जपून ठेवा, वॉरंटीला लागतं.

रॅम चार खाचांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. एसएसडी तिरकी घालून खाली दाबायची आणि स्क्रू लावायचा. खालचा छोटा स्टँडऑफ (स्क्रू ज्यात बसतो तो उंचवटा) विसरला तर ती वाकते. प्रोसेसरच्या मधोमध मटाराएवढी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) लावा. कूलरला आधीच पेस्ट असेल तर वेगळी नको. स्क्रू कर्णात, थोडे-थोडे करून आवळा. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरीकडे फट राहते. कूलरच्या तळावरची प्लास्टिकची फिल्म काढली का, ते पुन्हा एकदा बघा.

आता २४ पिनचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनचा, दोन्ही लावा. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला. बोर्डावर ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेल्या दोन पिनांना पेचकसाने क्षणभर टेकवा. पंखा फिरला आणि स्क्रीनवर काही आलं की निम्मं काम झालं. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं काळी स्क्रीन राहते. रॅमची ओळख चाललेली असते, घाईने बंद करू नका.

मग कॅबिनेट. पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी मोजून जुळवा. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या मागे टेकून शॉर्ट करतो. मागची आयओ पट्टी (पोर्टांच्या भोकांची) बोर्डाआधी बसवा. पुढचा पंखा हवा आत घेईल, मागचा बाहेर टाकेल असा लावा. पंख्याच्या ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या काड्या असतात, तिकडे हवा जाते.

चालू झालंच नाही तर

काहीच हललं नाही: पॉवर सप्लायमागचा स्विच, मग २४ पिनचा कनेक्टर, मग समोरच्या बटणाची तार. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी: सगळ्यात आधी ८ पिनचा कनेक्टर, मग रॅम काढून पुन्हा दाबून लावणे, मग एकच काडी ठेवून पाहणे. चालू होऊन दोन सेकंदांत बंद: मागे जास्तीचा स्टँडऑफ किंवा आत पडलेला स्क्रू. चालू होऊन मिनिटभराने बंद: कूलर टेकलेला नाही, किंवा त्याचा पंखा ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी लावलेला नाही. तरीही उठत नसेल तर प्लग काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत बसवा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात.

विंडोज ११ साठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह जिथे नेट चांगलं आहे तिथूनच तयार करून आणा. नव्या मशीनवर वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हर नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेथरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोन ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. बायोसमध्ये रॅमच्या वेगाचं सेटिंग, एक्सएमपी किंवा डीओसीपी, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम हळू वेगावर पडून राहते. शेवटी मशीन चालू असतानाच, सगळं सेव्ह करून, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करून पाहा. मशीन बंद पडलं तर यूपीएस आणि पॉवर सप्लायचं जमत नाही. हे पहिल्याच आठवड्यात कळलं तर बदलून घेता येतं.

धूळ, कापूस, ऊन आणि वीज

वेचणीनंतर घरात कापूस साठवला असेल तर त्या खोलीत कॉम्प्युटर ठेवूच नका. रुईचे तंतू गाळणीतूनही आत जातात आणि कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी चादर धरतात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढताना आणि पुढे तुरीच्या वेळी गाळणी दर पंधरा दिवसांनी झटका. आतली धूळ मऊ ब्रश आणि हाताच्या ब्लोअरने काढा. काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा-सुलटा वेगाने फिरून खराब होतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्यात पाणी आणि तेल असतं.

कॅबिनेट जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून वीतभर दूर असावं. खसच्या कूलरच्या झोतात ठेवू नका. ओली हवा आणि खाऱ्या पाण्याचे तुषार बोर्डावर बसतात. मागच्या मोकळ्या स्लॉटच्या पट्ट्या लावलेल्या ठेवा, तिथून पाली आत शिरतात आणि पॉवर सप्लायजवळच्या उबेत बसतात. यूपीएसची बॅटरी मशीनपेक्षाही थंड जागी ठेवा. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे दोन वर्षांनी बदलायची, हे धरूनच चाला.

मे-जूनची वळवाची वीज आणि परतीच्या पावसातली वीज यांपुढे यूपीएस, स्टॅबिलायझर, प्रोटेक्टर काही टिकत नाही. ढग गडगडायच्या आधीच, लांबूनच अंधारून आलं की, मशीन बंद करून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. बाहेरून येणारी इंटरनेटची तांब्याची केबल आणि सेट-टॉप बॉक्सला जोडलेली एचडीएमआयही काढा, कारण बोर्ड अनेकदा त्या वाटेने जातो. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावायला जाऊ नका.